छातीच्या फोटोवर एआयने लाल डाग दाखवला, आता पुढे काय करायचं

७ डिसेंबर २०२४ ला शंभर दिवसांची टीबी मोहीम सुरू झाली तेव्हापासून आपल्या विदर्भातल्या बऱ्याच गावांत एक नवीन गोष्ट दिसून राहिली. समाजमंदिरात नाहीतर झेडपीच्या शाळेत शिबिर लागते, हातात धरता येईल एवढी छोटी एक्स-रे मशीन येते, छातीचा फोटो काढला की तो तिथल्याच लॅपटॉपवर जातो, त्यातलं एआय म्हणजे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर (लोक त्यालाच 'मशीन' म्हणतात) तो वाचते आणि थोड्याच वेळात फुफ्फुसावर लाल-पिवळा रंग आणि बाजूला एक आकडा. डॉक्टरांनी फोटो पाहायच्या आधीच मशीनचं मत आलेलं असते. मग आजी विचारते, "बाप्पा, मशीन म्हणे मले टीबी हाय, खरं हाय का?" आणि तिचा नातू तोवर त्या स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालेला असतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे टेक्निशियन आहे. फोटो काढायचं काम माझं, रिपोर्ट द्यायचं काम डॉक्टरांचं, पण लोक प्रश्न मलाच विचारतात कारण त्या खोलीत सोबत मीच असतो. म्हणून हे लिहून राहिलो, पेशंटसोबत दवाखान्यात जाणाऱ्या माणसासाठी, मग तो मुलगा असो, सून असो, शेजारचा भाऊ असो की आशाताई. एवढंच पक्कं धरा की मशीनचा आकडा म्हणजे रोगाचं नाव नाही, पुढची तपासणी कोणाची करायची ते त्यातून ठरते. आणि मशीनला जे माहीतच नाही ते डॉक्टरांच्या कानावर घालणं, हे काम सोबत गेलेल्या माणसाचं आहे. पेशंट बिचारा घाबरलेला असतो, त्याच्याकडून ते होत नाही.

मशीन नेमकं करते काय

या सॉफ्टवेअरला आधी लाखो छातीचे फोटो दाखवलेले असतात, हा टीबीचा, हा बिगर टीबीचा, असं करत करत. त्यातून ते काळ्या-पांढऱ्या सावल्यांची ठेवण ओळखायला शिकते. नवीन फोटो आला की तो टीबीच्या फोटोंसारखा किती दिसते त्याचा आकडा देते, कोणतं सॉफ्टवेअर ० ते १ मध्ये देते, कोणतं ० ते १०० मध्ये, आणि जिथे संशय वाटला तिथे रंग भरते. आता ७० आकडा आला म्हणजे ७० टक्के टीबी झाला असं अजिबात नाही. किती आकड्याच्या वर गेलं की पुढे पाठवायचं ती रेघ माणसांनीच ठरवलेली असते. चाळणीची भोकं बारीक ठेवायची की मोठी, तसंच आहे हे, रेघ खाली ठेवली तर खरे पेशंट कमी सुटतात पण बिगर टीबीचे लोकही भरपूर अडकतात, रेघ वर नेली की उलट होते. म्हणून एका शिबिरात 'पुढे जा' म्हटलेला माणूस दुसऱ्या शिबिरात 'ठीक आहे' निघू शकते, त्यात कोणी खोटं बोललं असं नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केलं की १५ वर्षांवरच्या लोकांमध्ये टीबीची चाळणी करायला डिजिटल छातीचा फोटो माणसाऐवजी असं सॉफ्टवेअर वाचू शकते. यातले दोन शब्द महत्त्वाचे, एक '१५ वर्षांवरच्या' आणि दुसरा 'चाळणी'. म्हणजे लहान लेकराच्या फोटोवर कोणी आकडा दाखवला तर तिथेच थांबा, लेकराचा फोटो डॉक्टरांनीच पाहायला पाहिजे. आणि चाळणी म्हणजे निदान नाही.

मी या मशीनच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. आपल्याकडे रेडिओलॉजिस्ट म्हणजे फक्त फोटो-सीटी वाचणारे डॉक्टर, ते बहुतेक नागपूर, अमरावती, अकोला नाहीतर जिल्ह्याच्या गावी. तालुक्याला फोटो निघते पण वाचणारं माणूस नसते, मग तो ओपीडीतल्या गर्दीत मेडिकल ऑफिसर पाहतात नाहीतर नेटवरून बाहेर पाठवतात आणि रिपोर्ट यायला वेळ लागते. तोवर एटापल्लीकडून नाहीतर मेळघाटातून आलेला माणूस शेवटची एसटी पकडून परत गेलेला असते, आणि एकदा गेला की तो परत येईलच याची काही खात्री नाही. मशीनने तिथल्या तिथे 'याचा बेडका घ्या' सांगितलं तर माणूस हातातून सुटत नाही. हा फायदा खूप मोठा आहे आणि तो आपल्यासारख्या भागालाच जास्त आहे.

पण ते कुठे चुकते तेही माहीत असू द्या. २०१८ मध्ये अमेरिकेत निमोनिया ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्या दवाखान्यांच्या फोटोंवर ते शिकलं तिथे चांगलं चाललं पण दुसऱ्या दवाखान्याचे फोटो दिले की बऱ्याचदा घसरलं, कारण रोगासोबत ते 'हा फोटो कोणत्या दवाखान्यातला' हेही ओळखायला शिकलं होतं. दुसरं उदाहरण, छातीत हवा भरली की डॉक्टर नळी टाकतात, तर हवा ओळखायला शिकवलेलं सॉफ्टवेअर नळी टाकलेल्या पेशंटमध्ये चांगलं चालायचं आणि नळी नसलेल्यांमध्ये हुकायचं. म्हणजे ज्याला मदतीची खरी गरज, तोच सुटला. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर आपल्या भागातल्या लोकांवर तपासून पाहिलं का, हा प्रश्न शिबिर घेणाऱ्यांना विचारायला काहीच हरकत नाही. ग्रामसभेत विचारा, आरोग्य अधिकारी आले की विचारा.

फोटो काढायच्या आधी

ही माझी बाजू आहे म्हणून जरा जास्त सांगतो. फोटोच खराब आला तर मशीनही चुकते आणि डॉक्टरही चुकतात.

गळ्यातली काळी पोत, मंगळसूत्र, ताईत, माळ काढून ठेवायची. बाया मंगळसूत्र काढायला नाही म्हणतात, मी समजू शकतो, मग तोंडात धरा नाहीतर हनुवटीच्या वर घ्या पण छातीवर नको. खिशातली चुन्याची डबी, मोबाइल, चिल्लर बाहेर. आणि वेणी! जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की तिची सावली फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि मोठ्या माणसाचा टीबी बहुतेक वेळा त्याच वरच्या भागात दिसते. वेणी वर बांधून घ्या, क्लिप काढा.

श्वासाचं सगळ्यात महत्त्वाचं. "श्वास घ्या, धरा" म्हटलं की म्हातारी माणसं खांदे वर करतात पण श्वास अर्धाच घेतात. अर्ध्या श्वासात फुफ्फुस पूर्ण उघडत नाही, खालचा भाग पांढरा दिसते, हृदय उगाच मोठं दिसते. आत यायच्या आधी बाहेर बाकावर बसून आजीकडून दोन-तीनदा सराव करून घ्या, पोटभर श्वास आत, आणि हलायचं नाही. खांदे पुढे ढकलायचे, म्हणजे पाठीच्या पात्याची हाडं फुफ्फुसावरून बाजूला होतात. उभं राहवत नसेल तर आधीच सांगा, बसून किंवा झोपून काढलेला फोटो वेगळा दिसते आणि तो तसा काढला हे फोटोवर लिहावं लागते.

पाळी चुकली असेल किंवा दिवस गेले असतील तर सगळ्यात आधी सांगायचं, लाजायचं नाही. किरणांची भीती पुष्कळ लोकांना असते, तर छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (हे किरणं मोजायचं माप) एवढीच किरणं लागतात, तेवढी तर जमिनीतून आणि आकाशातून काही दिवसांत आपल्याला तशीच मिळतात. छातीच्या सीटीत मात्र याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून "एकदाचा सीटीच करून टाका डॉक्टर" असा हट्ट करू नका.

आणि जुने फोटो आणा. फिल्म असो, सीडी असो, मळकी असो, चालते. घडी घालू नका फक्त.

आकडा आला, लाल दिसला

घाबरायचं नाही आणि पळायचं पण नाही. पुढची पायरी बेडका. थुंकी नाही, बेडका. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीच्या आतून खोकून काढलेला चिकट बेडका पाहिजे, आणि तो उघड्यावर, माणसांपासून दूर जाऊन काढायचा. नुसती लाळ दिली तर टीबी असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग सगळेच फसतात. त्या बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाच्या मशीनवर टीबीच्या जंतूची तपासणी होते. ट्रूनॅट तर आपल्याच देशात, गोव्यात बनलेली मशीन आहे, बॅटरीवर चालते, लाइट गेली तरी काम थांबत नाही. टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देते का, दोन्ही त्यातून कळते. सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे. कोणी फक्त आकडा पाहून बेडका न घेताच हजारो रुपयांच्या गोळ्या लिहून देत असेल तर नम्रपणे विचारा, "सर, बेडका तपासायचा नाही का?" कधी बेडका निघतच नाही, कधी रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही डॉक्टर बाकीची लक्षणं पाहून टीबीचा उपचार सुरू करतात, ते बरोबर असू शकते, पण तो निर्णय डॉक्टरांचा पाहिजे, लॅपटॉपचा नाही.

टीबी निघालाच तर नोंद करून घ्या. उपचार चालू आहे तोवर चांगल्या खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी पण तेव्हाच करून घ्यायची. माहिती पाहिजे तर १८००-११-६६६६ हा टीबीचा फुकट नंबर आहे.

आता जास्त धोक्याची गोष्ट सांगतो, ती म्हणजे आकडा कमी आला, मशीनने हिरवा कंदील दिला आणि माणूस निवांत घरी गेला. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, संध्याकाळी ताप येते, वजन उतरून राहिलं, रात्री घाम सुटते, बेडक्यात रक्त दिसलं, यातलं काहीही असेल तर फोटो कितीही चांगला येऊ द्या, बेडका द्यायचाच. एचआयव्ही असलेल्या माणसात टीबी असूनही फोटो साफ दिसू शकते. आणि मानेतल्या गाठींचा टीबी, मणक्याचा टीबी, पोटाचा टीबी, हे छातीच्या फोटोत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, मग मशीन तरी काय सांगणार. "मशीन म्हणे काही नाई" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते.

मशीनला जे माहीत नाही ते तुम्ही सांगा

हा भाग नीट वाचा, आपल्या विदर्भाचं सगळं यात आहे.

पहिलं, आधी टीबी झाला होता का. बरा झालेला टीबी फुफ्फुसावर व्रण सोडून जाते आणि मशीन त्या व्रणाला पुन्हा लाल करते. टीबी होऊन गेलेल्या लोकांत आणि म्हाताऱ्या माणसांत ही सॉफ्टवेअरं जास्त चुकीची धोक्याची घंटा वाजवतात हे माहीत असलेलं आहे. म्हणून वर्ष सांगा, किती महिने गोळ्या खाल्ल्या ते सांगा, अर्धवट सोडल्या असतील तर तेही खरं सांगा, कोणी रागवत नाही. कोर्स संपला की शेवटी एक फोटो काढून मागा आणि जपून ठेवा. पुढे कधी मशीनने लाल दाखवलं तर डॉक्टर तो जुना फोटो शेजारी ठेवून पाहतील, डाग तेवढाच आहे की वाढला, एवढ्या एका गोष्टीवरून कितीतरी माणसांची धावपळ वाचते.

दुसरं, काम काय करते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, गिट्टीचे क्रशर तर जागोजागी. धुळीने फुफ्फुसात बसलेले डाग टीबीसारखे दिसू शकतात, आणि वरून दगडाच्या धुळीने सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी व्हायचा धोकाही जास्त असते, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकते. 'क्रशरवर दहा वर्षं होतो' हे वाक्य फोटोत कुठेच लिहिलेलं नसते. जिनिंगवाल्यांचं तर याच्या उलट. कापसाच्या धुळीने दम लागते, छाती आवळल्यासारखी होते, आणि सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी जास्त होते, पण छातीचा फोटो बहुतेक वेळा साफ निघते. मशीन म्हणेल ठीक आहे, माणूस म्हणेल दम लागून राहिला, आणि दोघंही खरं बोलत असतात. इथे डॉक्टरांनी विचारलं पाहिजे आणि नाही विचारलं तर तुम्ही सांगितलं पाहिजे.

तिसरं, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आपल्या इकडे हे घराघरात आहे. सिकलसेलच्या पेशंटला ताप, छातीत दुखणं, दम आणि फोटोत नवीन डाग, हे साध्या निमोनियासारखं दिसते पण ते जिवावरचं असू शकते, आणि सुरुवातीला तर फोटोत काहीच नसते, लक्षणं आधी आणि डाग नंतर असंही होते. अशा माणसाला मशीनच्या आकड्यावर सोडायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. तसंच सिकलसेलच्या पोराचं खुब्यात दुखत असेल, लंगडून चालत असेल आणि एक्स-रे साफ असेल तर तिथे थांबू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटायला लागला की सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. सिकलसेलचं कार्ड फोटोच्या पाकिटातच ठेवा, म्हणजे कोणी विचारो न विचारो, समोर येते.

चौथं साधंच आहे, बिडी, चूल, साखर. साखरेचा आजार असेल तर टीबी व्हायचा धोका वाढते आणि फोटोतला डाग नेहमीच्या जागी नसूही शकते. सांगून टाका.

डोक्याचा सीटी असेल तर घड्याळ

झटका, लकवा, तोंड वाकडं, एक हात उचलेना, बोबडी वळली. इथे एआयचं काम वेगळं आहे. डोक्याच्या सीटीत रक्तस्राव दिसला किंवा मोठी नस बंद दिसली तर सॉफ्टवेअर तो सीटी रांगेत सगळ्यात वर आणून ठेवते आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर अलर्ट जाऊ शकते. वेळ वाचते आणि इथे वेळेलाच किंमत आहे, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागते. पण हे साडेचार तास सीटी काढल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा चांगला दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ ना मशीनला माहीत ना डॉक्टरांना, ती घरातल्या बाईला माहीत असते. म्हणून चिठ्ठीवर लिहा, 'सकाळी ६ वाजता चहा घेतला तेव्हा चांगले होते'. सिरोंच्याकडच्या माणसाला गडचिरोली गाठायलाच अर्धा दिवस जाते, तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून बसू नका, १०८ लावा आणि फोनवरच विचारा की सीटी चालू असलेला जवळचा दवाखाना कोणता. तोंडाने पाणी, गोळी, काही द्यायचं नाही.

डोळ्याचा फोटो, स्तनाची गाठ

थोडक्यात सांगतो. साखरेच्या पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो एआय वाचते, त्यावरचं गाजलेलं संशोधन गूगलने २०१६ मध्ये छापलं आणि त्यात आपल्या मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलसारख्या ठिकाणचे फोटो होते. नंतर थायलंडच्या साध्या दवाखान्यांत तेच वापरून पाहिलं तर पाचातला एकाहून जास्त फोटो मशीनने 'नीट नाही' म्हणून परत केला, खोलीत पुरेसा अंधार नव्हता वगैरे. तर 'फोटो वाचता आला नाही' असा कागद मिळाला तर त्याचा अर्थ डोळा चांगला आहे असा होत नाही, डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावंच लागेल.

स्तनाच्या कॅन्सरचं स्वीडनमधलं काम मला खूप महत्त्वाचं वाटते. ८० हजार बायांचे मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचे एक्स-रे, निम्म्यांचे नेहमीच्या पद्धतीने दोन डॉक्टरांनी वाचले, निम्म्यांचे एआयच्या मदतीने. २०२३ मध्ये निकाल आला, डॉक्टरांचं वाचायचं काम ४४ टक्के कमी झालं आणि कॅन्सर सापडणं कमी झालं नाही. पण लोक यातली एक गोष्ट सांगत नाहीत, तिथे मशीनने 'कमी धोका' म्हटलेला मॅमोग्रामही एका डॉक्टराने पाहिलाच. आपल्या गावात तर मॅमोग्रामच नाही, त्यामुळे तिशीच्या वरच्या बायांनी आरोग्य केंद्रात होणारी स्तनाची, तोंडाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, आणि हाताला गाठ लागली तर कोणत्याही मशीनची वाट पाहू नये.

डॉक्टरांचं काम आता काय राहिलं

एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. ती पाच वर्षं कधीच गेली आणि जगभर रेडिओलॉजिस्ट कमीच पडून राहिले. माझ्या मते कारण साधं आहे, डाग शोधणं हा त्यांच्या कामाचा एक तुकडा होता, सगळं काम नव्हतं. डाग जुना की नवा, या माणसाच्या बाकीच्या गोष्टींशी जुळते का, सुई टाकायची की थांबायचं, आणि चुकलं तर जबाबदारी कोणाची, हे सगळं अजून माणसाकडेच आहे. उलट आता एक काम वाढलं, मशीनचं उत्तर तपासायचं.

आणि ते सोपं नाही. जर्मनीतल्या २०२३ च्या एका अभ्यासात मॅमोग्राम वाचणाऱ्या डॉक्टरांना मुद्दाम चुकीचं 'एआयचं उत्तर' दाखवलं तर नवीन डॉक्टर त्याकडे खूप ओढले गेले आणि अनुभवी लोकही बरेच ओढले गेले. पोलंडमध्ये २०२५ ला दिसलं की आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर एआय वापरायला लागल्यानंतर, एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठ सापडायचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. सवय मोडते माणसाची. म्हणून मला मनापासून वाटते की आपल्या मेडिकल कॉलेजांत, नागपूर असो, सेवाग्राम असो, यवतमाळ असो, शिकणाऱ्या पोरापोरींनी आधी स्वतः फोटो वाचून कागदावर लिहावं आणि मगच मशीनचा रंग पाहावा. तालुक्याच्या मेडिकल ऑफिसरनेही तसंच करावं, गर्दी असली तरी. लाल रंग एकदा दिसला की डोळा दुसरीकडे जातच नाही, आणि दुसऱ्या फुफ्फुसातली बारीक गाठ, मोडलेली बरगडी तशीच राहून जाते. टीबीसाठी बनलेलं सॉफ्टवेअर टीबीच शोधते हे विसरायचं नाही.

पेशंटकडून काय करायचं? विचारायचं. आपल्या लोकांना डॉक्टरांना प्रश्न विचारायचा संकोच वाटते, तर असं विचारा, "सर, मशीननं असं म्हटलं, तुमी सोता पाहून काय वाटून राहिलं तुमाले?" यात अपमान काही नाही, चांगला डॉक्टर उलट खुश होते. रिपोर्टच्या खाली डॉक्टरांचं नाव, सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का पाहा. नुसता सॉफ्टवेअरने छापलेला कागद, खाली कोणाची सही नाही, असा असेल तर तो रिपोर्ट पूर्ण झालेला नाही असं समजा आणि सही मागा, तो तुमचा हक्क आहे.

शिबिरात नावनोंदणी करताना मोबाइलवर ओटीपी आला तर देण्याआधी कशाचा आहे, माहिती कोणाकडे जाते ते विचारून घ्या. आणि आशाताईंना माझी हात जोडून विनंती, आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. टीबीच्या नुसत्या संशयावर लग्नं मोडतात आपल्याकडे.

एक कायद्याची गोष्ट. सोनोग्राफीत एआय बाळाचं डोकं, मांडीचं हाड मोजायला मदत करते, ते चांगलंच आहे. पण कोणी म्हणालं की फोटो पाठवा, आमचं अ‍ॅप मुलगा की मुलगी सांगते, तर तो १९९४ च्या पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणी बंदीच्या कायद्याने गुन्हा आहे, मशीनने सांगितलं काय आणि माणसाने सांगितलं काय.

फोनवर फोटो टाकून विचारणाऱ्या पोरांसाठी

खिडकीसमोर फिल्म धरून मोबाइलने फोटो काढायचा आणि चॅटबॉटला विचारायचं, हे आता सगळीकडे चालू झालं. असं करू नका म्हटल्याने कोणी थांबणार नाही, म्हणून कसं ते सांगतो. दवाखान्यातलं सॉफ्टवेअर मूळ डिजिटल फाइल वाचते, ज्यात काळ्या-पांढऱ्याच्या हजारो छटा असतात. मोबाइलच्या फोटोत ट्यूबलाइटची चमक, बोटाची सावली, वरून व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते, बारीक डाग तिथेच पुसल्या जाते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर दवाखान्यातून सीडी किंवा लिंक मागा, त्यात डायकॉम नावाच्या फाइल असतात, त्याच पाठवा. तेही नाही जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून रोगाच्या निदानासाठी वापरायचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण म्हणून कायद्यात येते. फोनवरचा गप्पा मारणारा चॅटबॉट त्या कामासाठी तपासलेला नसते, तो खूप आत्मविश्वासाने बोलते म्हणून बरोबर आहे असं वाटते एवढंच. फोटोवर पेशंटचं नाव, वय, दवाखान्याचा नंबर असते, ते झाकल्याशिवाय कुठेच टाकू नका.

एक काम मात्र चॅटबॉटकडून नक्की करून घ्या. इंग्रजी रिपोर्टमधले शब्द मराठीत समजावून घ्या, नाव झाकून, आणि त्यातून डॉक्टरांना विचारायचे तीन-चार प्रश्न तयार करा. ते कागदावर लिहून न्या, फोनमध्ये नको, ओपीडीत नंबर लागते तेव्हा फोन शोधेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असते.